मुखपट्टी व श्वसनमार्गी विषाणूंचा प्रसार

मुखपट्टी व श्वसनमार्गी विषाणूंचा प्रसार : नाक व तोंड झाकणाऱ्या पट्टीस मुखपट्टी वा मास्क म्हणतात. तिचे कापड किती सूक्ष्म कण अडविते, हे प्रयोगशाळेत मोजता येते. समाजात तिच्यामुळे रोगप्रसार किती घटतो, हे ठरविणे मात्र अवघड आहे. कारण तेथे कापडाबरोबर माणसाची सवयही मोजावी लागते.

खानदेशात ही अडचण स्पष्ट होते. जळगाव व धुळे जिल्ह्यांत कडक उन्हाळ्यात लोक पूर्वीपासूनच रुमाल, उपरणे वा ओढणी तोंडाभोवती गुंडाळतात. त्यामुळे रस्त्यावर झाकलेली तोंडे मोजून रोगप्रतिबंधाचा अंदाज बांधता येत नाही. मोटारसायकलीवर झाकलेले तोंड घरात किंवा दुकानात उघडे असू शकते आणि संसर्गाचा धोका बंदिस्त जागीच अधिक असतो.

रुग्णसंख्या किती चाचण्या झाल्या यावर अवलंबून असते. म्हणून रक्तातील प्रतिपिंडे तपासणे अधिक विश्वसनीय ठरते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२०-२१ मध्ये ७० जिल्ह्यांत केलेल्या अशा पाहणीत जळगावचा समावेश होता, धुळ्याचा नव्हता. देशभरातील प्रौढांत मे–जून २०२० मध्ये आढळलेले प्रमाण केवळ ०·७३ टक्के होते. अशा पाहणीवरून संसर्ग किती झाला ते कळते, तो कशामुळे टळला ते कळत नाही. दोन शेजारी जिल्ह्यांची तुलनाही पुरेशी नाही. भुसावळसारखे मोठे रेल्वे प्रस्थानक, बाजारपेठा व साथीच्या लाटेची वेळ यांत फरक असतोच. महाराष्ट्रात २ एप्रिल २०२२ पासून मुखपट्टी ऐच्छिक झाली. तथापि तोवर लसीकरण झाले होते व विषाणूचा प्रकारही पालटला होता.

यावर उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने गट पाडणे. डेन्मार्कमध्ये २०२० साली सु. ६,००० व्यक्तींवर असा प्रयोग झाला. मुखपट्टीच्या गटात १·८ टक्के, तर दुसऱ्या गटात २·१ टक्के लोकांना संसर्ग झाला. हा फरक निर्णायक नव्हता. शिवाय त्यात वापरणाऱ्याचाच बचाव मोजला होता, इतरांचा नव्हे. बांगला देशात २०२०-२१ मध्ये व्यक्तींऐवजी ६०० गावांचे गट पाडण्यात आले, हे अधिक योग्य होते. मोफत वाटप व सततच्या स्मरणामुळे योग्य वापर १३ वरून ४२ टक्क्यांवर गेला आणि रक्तचाचणीने सिद्ध झालेले लक्षणयुक्त रुग्ण सु. ९ टक्क्यांनी घटले. शस्त्रक्रियेच्या मुखपट्ट्यांचा परिणाम स्पष्ट, कापडी पट्ट्यांचा अनिश्चित होता. त्या गावांत लोक एकमेकांपासून अधिक अंतरही ठेवू लागले होते. म्हणून ही सर्व घट केवळ पट्टीची मानता येत नाही.