सुटका झाली, निवाऱ्याचे काय?

शिक्षा भोगून झाली की अपराधाचे ऋण फिटले, असे कायदा मानतो. समाज मात्र तसे मानीत नाही. ठाण्याच्या जुन्या किल्ल्यातील मध्यवर्ती कारागृहातून अथवा कल्याणच्या आधारवाडी कारागृहातून सुटलेल्या माणसाला याचा प्रत्यय पहिल्याच रात्री येतो. घरच्यांनी दार उघडले तर ठीक. अन्यथा रेल्वेचा फलाट, नाहीतर ज्या संगतीने तुरुंग दाखविला तिचाच आसरा.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत भाड्याची खोली मिळविणे साध्या नोकरदारालाही जड जाते. अनामत रक्कम हवी, करारासाठी ओळखपत्रे हवीत. आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची म्हटल्यावर, तुरुंगात राहून आलेल्याला जागा देण्यास घरमालक सहसा धजत नाही. पत्ता नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून पत्ता नाही, असे हे दुष्टचक्र आहे.

पत्त्याचा हा प्रश्न सुटकेआधीही आडवा येतो. २०२२ च्या अधिकृत आकडेवारीनुसार देशातील कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कैदी कच्चे होते. जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी त्यांच्यापैकी कित्येक आतच राहतात. जामीनदाराची मालमत्ता परजिल्ह्यातील आहे म्हणून एका गवंड्याची सुटका अडविणे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच, मोतीराम प्रकरणात, चुकीचे ठरविले. गरीब कैद्यांना जामिनासाठी व दंडासाठी साहाय्य देणारी केंद्राची योजनाही २०२३ साली आली. तिने तुरुंगाचे दार उघडेल. डोक्यावर छप्पर येणार नाही.

अशा माणसाला शेजार कोण देणार, ही शंका अगदीच अनाठायी नाही. परंतु औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत वसवून कैद्यांवर विश्वास टाकला, हा महाराष्ट्राचाच अनुभव आहे. शिवाय ज्याचा पत्ता ठाऊक आहे त्याच्यावर लक्ष ठेवणे सोपे, की जो रोज नव्या फलाटावर निजतो त्याच्यावर?

यावरील उपाय आवाक्याबाहेरचा नाही. शहरी बेघरांसाठी दर लाख लोकवस्तीमागे शंभर जणांचे एक निवारागृह, असा राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने घालून दिलेला दंडक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ठाण्याची लोकसंख्या अठरा लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची बारा लाखांवर होती; म्हणजे दोन्ही शहरे मिळून किमान तीस निवारागृहे हवीत. त्यांतील काही खाटा सुटून आलेल्यांसाठी तीन महिन्यांपुरत्या राखून ठेवाव्यात. शिक्षेची मुदत संपण्याची तारीख कारागृहाला आधीच ठाऊक असते. ती महानगरपालिकेला महिनाभर अगोदर कळविण्यात अडचण कसली? कच्च्या कैद्याची सुटका अवचित होते, म्हणून त्याच्यासाठी कारागृहात जाणाऱ्या समाजकार्यकर्त्यांकडे निवारागृहाचा पत्ता कायम तयार असावा.

तुरुंगात राज्य माणसाला निवारा देते, तो त्याला कोंडण्यासाठी. सुटकेनंतरचे काही महिने तोच निवारा त्याला उभे करण्यासाठी मिळाला, तर शिक्षेचा हेतू खऱ्या अर्थाने सफल होईल.