ताई झाली दादा!

सख्खी भावंडे मोठी झाली, की एकत्र भेटतात ती लग्नकार्यात, कोणाच्या दिवसकार्याला, नाहीतर सातबाऱ्यावर वारस लावायचे असतात तेव्हा. पहिल्या दोन ठिकाणी पाहुण्यांच्या गर्दीत बोलणे होत नाही आणि तिसऱ्या ठिकाणी जे बोलणे होते ते न झालेलेच बरे. नुसत्या भावंडांनी मिळून कुठे प्रवासाला जावे, ही कल्पना आपल्याकडे सहसा कोणाला सुचत नाही. सुचलीच, तर पहिला प्रश्न येतो, "आणि घरची माणसं?"

आम्हा तिघांनाही तो सगळ्यांनी विचारला. दादा लोणंदला वडिलांची कांद्याची शेती आणि जुने घर सांभाळतो. ताई सांगलीची, तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. मी पुण्यात दिलेली, सगळ्यांत धाकटी. ताईने फळ्यावर आफ्रिकेचा नकाशा काढून किलिमांजारोचा त्रिकोण किती वेळा रंगविला असेल, याची गणती नाही. पण स्वतः ती गोकर्णापलीकडे गेली नव्हती. फंडाचे पैसे हाती आल्यावर म्हणाली, "तुम्ही दोघं येणार असाल तरच जाते." झाले! दादाचा जन्मातला पहिला पासपोर्ट निघाला. वहिनींनी चकल्यांचे डबे भरले. (डबेच हवेत, बरे का! केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. शिवाय पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावी. तिचा दाखला परतताना आपल्याकडच्या विमानतळावरही मागतात.)

आणखी एक ओझे बरोबर होते, पण ते काही विमानतळावरच्या काट्यावर चढले नाही. वडील जाऊन वर्ष झाले होते आणि दादाने आम्हा दोघींना हक्कसोडपत्रावर सही देण्याविषयी विचारले होते. आम्ही "बघू" म्हटले होते. त्यानंतर तो विषय कोणीच काढला नव्हता.

मुंबईहून नैरोबी अवघी सहा तासांवर. गाव महाबळेश्वरापेक्षाही उंच, त्यामुळे ऑगस्टात चांगलाच गारठा. गाडीवानाशी ओळख करून देताना ताई म्हणाली, "हा आमचा दादा." तो गृहस्थ पोट धरून हसू लागला. स्वाहिली भाषेत 'दादा' म्हणजे बहीण! आणि भावाला काय म्हणतात, तर 'काका'. त्या क्षणापासून त्याने ताईला 'दादा' आणि आमच्या दादाला 'काका' करून टाकले. साठ वर्षे मिरविलेली पदवी अशी एका वाक्यात गेलेली पाहून दादा जरा हिरमुसला. बाकी ती भाषा काही अगदीच परकी नव्हे. गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका' आणि चहाला 'चाई' म्हणणाऱ्या देशात मराठी माणूस उपाशी मरणार नाही.

किलिमांजारो आहे टांझानियात, पण त्याचे देखणे रूप दिसते ते केनियाच्या अंबोसेलीतून. दोन दिवस तो ढगांत तोंड लपवून बसला. तिसऱ्या दिवशी पहाटे पडदा सरला आणि ५,८९५ मीटर उंचीचा तो बर्फाचा माथा समोर उभा राहिला. ताई काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मी त्याला फारच टोकदार काढत होते." खाली दलदलीत हत्ती चरत होते. इथल्या हत्तींच्या कुटुंबांचा अभ्यास १९७२ पासून अखंड चालू आहे. कुटुंबाचे पुढारपण सर्वांत वयस्क हत्तिणीकडे असते. कुठे पाणी आहे, कुठे धोका आहे, हे तिला ठाऊक. मुलगे वयात आले की निघून जातात. "ऐकलंस ना, काका?" ताई म्हणाली.

दादाला हत्तींपेक्षा रेल्वेचे वेड. लोणंदच्या स्टेशनावर गाड्या पाहत वाढलेला माणूस! मोम्बासाहून निघालेली जुनी रेल्वे आपल्या पुणे-मिरज मार्गासारखीच एकेकाळी मीटरगेज होती आणि ती बांधायला हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले होते, हे त्याने आम्हांला ऐकविले. त्सावोच्या पुलावर १८९८ साली त्या मजुरांना खाणारे दोन सिंह पुढे शिकागोच्या संग्रहालयात गेले. २०२४ मध्ये त्यांच्या दातांत अडकलेले केस तपासले, तेव्हा ते सख्खे भाऊ असल्याच्या जुन्या समजुतीला पुष्टी मिळाली. "भाऊ-भाऊ असे एकत्र राहतात," असे दादा अभिमानाने म्हणाला खरा. पण उदाहरण फारसे सोयीचे नव्हते.

मसाई मारात पोहोचलो, तेव्हा वाइल्डबीस्टचे कळप सेरेंगेटीतून उत्तरेकडे आले होते. पालखी लोणंदला येते त्या दिवशी रस्ता जसा माणसांनी वाहतो, तसे ते माळरान वाहत होते. त्या गर्दीपासून दूर, एका बाभळीखाली सात सिंहिणी आणि पोरवडा पसरला होता. एक पिल्लू दुसरीचेच दूध पीत होते. गाडीवान म्हणाला, "या सगळ्या मायलेकी, बहिणी, मावश्या. मुली बहुतेक जन्मल्या ठिकाणीच राहतात, आईचा मुलूख पुढे चालवतात. मुलग्यांना दोन-तीन वर्षांत बाहेर पडावं लागतं."

ताई पटकन म्हणून गेली, "म्हणजे इथे हक्कसोडपत्र मुलगे लिहून देतात!"

मी हसले. दादा हसला नाही. गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

कायदा आम्हा तिघांनाही ठाऊक होता. १९५६ च्या कायद्याने वडिलांच्या मिळकतीत मुलीला वाटा दिला. वडिलोपार्जितात मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली मानला. पण कायदा कागदावर राहतो आणि माहेर काळजात. सही नाकारली तर भाऊबीज तुटेल, या धास्तीने कितीतरी बहिणी गुपचूप अंगठा उठवून मोकळ्या होतात. जमिनीत राबतो तो भाऊ, हेही काही खोटे नव्हे.

रात्री तंबूबाहेर शेकोटी होती. दादा बराच वेळ काटकीने निखारे उकरीत बसला होता.

"दिवाळीला दोघी या," तो म्हणाला. "कचेरीत जाऊन येऊ."

"सहीला?" ताईने विचारले.

"नावं लावायला. तिघांची."

ताईने शाल घट्ट ओढून घेतली. "शेत तूच कर, दादा. मला त्यातलं पीक नको. पण पालखीला वारकरी आपल्या पडवीत उतरतात ना, ती पडवी माझी. त्या दिवशी मला कोणी 'पाहुणी आली' म्हणायचं नाही."

"म्हणजे पिठलं-भाकरीचा खर्चही तुझाच?" दादाने विचारले.

"निम्मा," ताई म्हणाली, आणि चकलीचा डबा त्याच्याकडे सरकवला.