नोंदवहीबाहेरचे रुग्ण : ऊसतोड कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास कसा केला जातो?

दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना आदी जिल्ह्यांतील लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. त्यांच्यासाठी आरोग्यसेवा आखावयाची, तर ती किती आहेत व कोठे आहेत हे आधी कळावे लागते. रुग्णालयाच्या नोंदवहीवरून ते कळत नाही. तिच्यात आलेल्यांची नोंद असते. येऊ न शकलेल्यांची नसते. अशा समाजाचा अभ्यास कोणत्या पद्धतींनी होतो, याची ओळख आमच्या देणगीदारांना व हितचिंतकांना व्हावी, हा या लेखाचा हेतू आहे.

सर्वसाधारण पाहणीत घरांची यादी करून तीमधून काही घरे निवडतात. परंतु हंगामात गावाकडील घराला कुलूप असते आणि फडाजवळची कोपी यादीत सापडत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४ व्या फेरीत (२००७-०८) रोजगारासाठी एक ते सहा महिने बाहेर राहिलेल्यांची स्वतंत्र नोंद घेण्यात आली. तथापि ज्यांचा हंगाम त्याहून लांबला, ते त्या व्याख्येतही बसत नाहीत.

म्हणून संशोधक अन्य मार्ग अवलंबितात. पहिला मार्ग स्थळ व वेळ यांच्या निवडीचा. कामगार जेथे जमतात अशा जागा व वेळा यांची यादी करून तीमधून चिठ्ठ्या काढाव्यात, तशी निवड होते. बैलगाडीवाल्या टोळ्या कारखान्याजवळ राहतात, तर ट्रकच्या टोळ्या दूरच्या शिवारांत फिरतात. केवळ कारखान्याचा परिसर पाहिला, तर दुसरा वर्ग संपूर्ण सुटतो.

दुसरा मार्ग अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डग्लस हेकाथॉर्न यांनी १९९७ मध्ये मांडला. आरंभी निवडलेल्या काही व्यक्तींना ठरावीक चिठ्ठ्या देतात व त्या आपल्या परिचितांना घेऊन येतात. ज्याचा परिचय मोठा, तो पाहणीत येण्याचा संभव अधिक. म्हणून आकडेमोडीत त्याचे वजन कमी धरतात. ही साखळी एकाच टोळीत फिरत राहू नये, यासाठी आरंभीच्या व्यक्ती निरनिराळ्या टोळ्यांतील असाव्या लागतात.

तिसरा मार्ग दुहेरी गणनेचा. समजा, पहिल्या फेरीत ६० जण नोंदविले, दुसऱ्या फेरीत ५० भेटले व त्यांतील ३० पूर्वीचेच निघाले. तर एकूण संख्या सुमारे १०० असावी. चंद्रशेखरन व डेमिंग यांनी १९४९ मध्ये बंगालमधील सिंगूर येथील जन्म-मृत्यूंच्या नोंदी याच तत्त्वावर पडताळल्या होत्या. टोळ्या मुक्काम हलवितात. म्हणून दोन्ही फेऱ्या थोड्याच दिवसांच्या अंतराने घ्याव्या लागतात.

हा खटाटोप कशासाठी? दिवाळीत जन्मलेल्या बालकाच्या सहा, दहा व चौदा आठवड्यांच्या तिन्ही लसी हंगामातच येतात. ते बालक गावच्या यादीत गैरहजर आणि फडाच्या गावी अनोळखी ठरते. २०१९ मध्ये शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या अहवालानुसार, बीड जिल्ह्यातील पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढण्यात आले होते. म्हणजे सुमारे सहांमध्ये एकीचे. एकेका रुग्णालयाच्या नोंदवहीतून हे चित्र दिसले नसते. त्या स्त्रियांकडे जाऊन विचारावेच लागले.

येथे एक पथ्य कसोशीने पाळावे लागते. ज्या कुटुंबाने मुकादमाकडून उचल घेतली आहे, त्याच्या वतीने मुकादमाने दिलेली संमती ही संमती नव्हे. स्त्रियांशी स्त्रियांनीच, स्वतंत्रपणे बोलावे. कोणाचा आजार मुकादमाच्या वा कारखान्याच्या कानी जाऊ नये. आणि विचारपूस झाली तेथे उपचाराचीही सोय असावी. नुसती माहिती घेऊन निघून जाणाऱ्यांना पुढील हंगामी कोणी दारात उभे करणार नाही.

शिबिरात किती रुग्ण तपासले, असे देणगीदार आम्हांस आस्थेने विचारतात. तो प्रश्न योग्यच आहे. त्याच्या जोडीला किती जण राहून गेले, हेही आपण आम्हांस विचारावे, अशी आमची नम्र विनंती आहे.