वळवाच्या आधी घरची तयारी



वळवाच्या वाऱ्यात तारा तुटतात, खांब पडतात आणि लाईट कधी कधी दोन-दोन दिवस येत नाही. म्हणून ही कामं लाईट असतानाच उरका.

१) आठवड्याचं दळण आणून ठेवा. लाईट गेली की गिरणीही बंद.
२) माणसांसाठी टाकी आणि जनावरांसाठी हौद भरून ठेवा.
३) आभाळ भरून आलं की मोबाईल आणि बॅटरी चार्ज करा. बॅटरी उशाशी असू द्या. पावसात साप-विंचू बाहेर पडतात, अंधारात उतरू नका.
४) सातबारा, आधार, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं: लाईट गेली म्हणून मोटार किंवा केबल खोलायला बसू नका. आधी ऑटोस्विच आणि मेन स्विच बंद करा. नाहीतर लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते आणि जिवावर बेततं. फ्यूज टाकायला डीपीवर चढू नका. तुटलेली तार जिवंतच समजा, जनावरं लांब ठेवा आणि महावितरणला १९१२ वर कळवा. कुणाला शॉक लागला तर हात लावू नका, आधी मेन स्विच बंद करा, मग १०८ ला फोन करा.

हे घरातल्या सगळ्यांना, गड्यांनाही वाचून दाखवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी