मोठा मोबाईल घ्यावा की टॅबलेट?

भिवंडीतील आमच्या परिचयाचे एक वयस्कर कारखानदार आहेत. कुर्त्यांचे कटिंग व शिलाई हा त्यांचा व्यवसाय. मागील हंगामात सुरतेच्या व्यापाऱ्याने त्यांना 180 नगांच्या ऑर्डरचा तक्ता व्हॉट्सॲपवर पाठविला. चाचांनी तो मोबाईलवर उघडला, मापे वाचली आणि मास्टरला कटिंग सांगितले. तक्त्यातील शेवटचा रकाना मात्र पडद्याच्या उजवीकडे दडून राहिला होता. त्यात लिहिले होते, 'बाही पूर्ण'. कटिंग झाले पाऊण बाहीचे. कापलेले कापड वाढत नाही. माल परत आला आणि हंगामाची कमाई त्यात गेली.

चाचांनी आम्हाला विचारले, "आता मोठा मोबाईल घेऊ की टॅबलेट?" हाच प्रश्न आमच्या अनेक वाचक बंधूंनाही पडत असतो, म्हणून हा लेखप्रपंच.

2010 साली ॲपलने 9.7 इंची आयपॅड बाजारात आणला. पुढच्याच वर्षी सॅमसंगने 5.3 इंची गॅलेक्सी नोट आणला, तेव्हा एवढा मोठा फोन कानाला लावणार कोण, म्हणून लोक हसले होते. आज 6.7 इंची मोबाईल सर्रास दिसतो. पण येथेच गिऱ्हाइकाची फसगत होते. इंचांचा हा आकडा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका मोजलेला असतो आणि आजचे फोन उंच व अरुंद असतात. 6.7 इंची फोनच्या पडद्याची रुंदी भरते जेमतेम 7 सेंटिमीटर. ए-फोर कागद 21 सेंटिमीटर रुंद. म्हणजे बिल किंवा ऑर्डरचा तक्ता फोनवर एकतृतीयांश होऊन दिसणार! 11 इंची टॅबलेट उभा धरला तर रुंदी सुमारे 15 सेंटिमीटर मिळते. तोच कागद अर्ध्या फुलस्केपएवढा, चष्म्याशिवाय नसला तरी चष्म्याने नीट वाचता येतो. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर टॅबलेटचा पडदा मोठ्या फोनच्या तिपटीहून अधिक भरतो. उलट 6.1 इंचावरून 6.7 इंचावर गेल्याने जागा वाढते सुमारे पाचवा हिस्सा. तेवढ्यासाठी चालता फोन बदलणे आम्हाला तरी पटत नाही.

मग सर्वांनी टॅबलेटच घ्यावा काय? नाही. जो बंधू दिवसभर बाजारात फिरतो, उभ्या उभ्या मालाचा फोटो काढतो, पैसे देतो-घेतो, त्याला अर्धा किलोची पाटी हातात घेऊन फिरणे जमायचे नाही. फोन 200 ग्रॅमच्या आसपास असतो आणि खिशात मावतो. दुसरी अडचण यूपीआयची. यूपीआय सुरू करताना बँकेशी जोडलेल्या सिमवरून एसएमएस जावा लागतो. सिम नसलेला टॅबलेट तो पाठवू शकत नाही. तेव्हा गल्ल्याचा व्यवहार फोनवरच राहणार.

आणि तो फोनवरच राहावा, असे आमचे मत आहे. कारखान्यात डिझाईन दाखवायला मालकाने आपला फोन कारागिरांच्या हाती दिला की त्याबरोबर बँकही दिली जाते. टॅबलेट कटिंगच्या टेबलावर पडून राहिला, दहा जणांनी हाताळला, तरी चिंता नाही. व्हॉट्सॲपने 2021 पासून एकच नंबर आणखी चार उपकरणांवर जोडण्याची सोय दिली आहे. मात्र सर्व गप्पा मजुरांपुढे उघड्या नको असतील तर तक्ते व नमुने तेवढे टॅबलेटमध्ये उतरवून ठेवावेत. नेटसाठी फोनचा हॉटस्पॉट पुरतो, म्हणून दुकानात बसणाऱ्याने सिमच्या टॅबलेटचे जादा पैसे मोजू नयेत. जरीकाम, हिमरू किंवा मेंदीचे नमुने काढणाऱ्यांनी पेन चालणारा टॅबलेट पाहावा. बोटाने बारीक बुट्टी काढणे म्हणजे हातमोजा घालून सुई ओवणे.

हरवण्याचाही विचार करावा. फोनला आयएमईआय क्रमांक असतो. 2023 साली सुरू झालेल्या सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून हरवलेला फोन बंद पाडता येतो. बिनसिमच्या टॅबलेटला तो क्रमांकच नसतो.

खरेदी करताना दोन गोष्टी. दोन्हींवर जीएसटी 18 टक्के आहे. नोंदणी असेल तर बिल पेढीच्या नावे, जीएसटी क्रमांकासह घ्यावे, म्हणजे धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूवरील कराची वजावट मिळते. कंपोझिशनवाल्यांना ती मिळत नाही. दुसरे, 'बिनव्याजी हप्ता' ही पाटी पाहून जे बंधू निश्चिंत होतात त्यांच्यासाठी. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, व्याज त्यात लपविलेले असते, असे रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना सुनावले होते. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यात ते व्याज सूट म्हणून वळते केले जाते, आणि व्याजावरचा जीएसटी गिऱ्हाइकाच्या माथी बसतो. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्याने रोख भाव विचारावा.

दुकानात जाताना स्वतःच्या ऑर्डरचा एक तक्ता सोबत न्यावा आणि दोन्ही पडद्यांवर उघडून पाहावा. चाचांनी तसेच केले. त्यांनी जुना फोन ठेवला आणि बिनसिमचा टॅबलेट घेतला. आता तक्ता आला की मास्टर तो आडवा धरून शेवटच्या रकान्यापासून वाचायला सुरुवात करतो.