काटा एकदम खाली आला तर

उन्हाळा लागला की भालकीच्या माझ्या गॅरेजात जुन्या फोर-व्हील गाड्या येतात त्या बहुतेक एकाच तक्रारीने. ड्रायव्हर उतरता उतरताच सांगतो, "साब, काटा उपर जारा." चढत्या काट्याची धास्ती सगळ्यांनाच असते आणि ती बरोबरही आहे. पण वायरिंगचं काम करणारा माणूस म्हणून मी प्रत्येकाला बजावतो, वर गेलेला काटा चालू गाडीत एकदम खाली येऊन बसला, तर त्याला जास्त घाबरा.

काटा इंजिनाची उष्णता थेट मोजत नाही. थर्मोस्टॅटच्या आसपास, पाण्याच्या वाटेत, एक पितळी सेन्सर आटे पाडून बसवलेला असतो. तापला की त्याचा रोध कमी होतो, मीटरमधून जास्त करंट वाहतो आणि काटा वर सरकतो. तो करंट परत बॅटरीकडे जातो इंजिनाच्या लोखंडातून आणि अर्थच्या पट्टीतून. म्हणजे काटा जे दाखवतो त्यात सेन्सरच्या टोकाभोवतीचं पाणी, सेन्सर, वायर आणि अर्थ, सगळ्यांचा वाटा असतो. यातलं काहीही बिघडलं तरी काटा हलतो.

आता होज पाइप फुटून पाणी गेलं, तर ते टोक उघडं पडतं. तिथे उरते वाफ आणि हवा. पाणी जेवढी उष्णता टोकाला देतं तेवढी हवा देत नाही, म्हणून काटा उतरतो. आत हेड मात्र भाजत असतं. ड्रायव्हरला वाटतं गाडी थंड झाली, तो आणखी दाबतो आणि दोन-चार किलोमीटरमध्ये हेड वाकतं नाहीतर पिस्टन धरतो.

तुरीच्या हंगामात हुमनाबाद तालुक्यातले एक शेतकरी एमएम ५४० घेऊन कलबुर्गीच्या बाजाराला निघाले होते. या गाडीत प्यूजोचं २.१ लिटरचं डिझेल इंजिन असतं. नीट सांभाळलं तर दणकट. कमलापूरच्या अलीकडे काटा लाल पट्टीजवळ गेला आणि लगेच खाली आला. त्यांनी काट्यावर विश्वास ठेवला नाही. बॉनेटमधून कूलंटचा गोडसर वास येत होता, इंजिनाचा आवाज कोरडा झाला होता. त्यांनी गाडी बाजूला घेऊन बंद केली आणि इंजिन थंड होईपर्यंत रेडिएटरच्या टोपणाला हात लावला नाही. खालचा होज पाइप क्लॅम्पजवळ चिरला होता. हेड वाचलं. त्यांच्या त्या सावधपणाचं मला मनापासून कौतुक वाटतं.

टोपणाचं महत्त्वही इथेच कळतं. बिदर समुद्रसपाटीपासून ६०० मीटरपेक्षा उंचावर आहे; उघड्या भांड्यातलं पाणी इथे साधारण ९८ अंशांनाच उकळतं. टोपण दाब धरून ठेवतं म्हणून गाडीतलं पाणी शंभरीच्या बरंच पुढे जाऊनही उकळत नाही. टोपणाचं रबर कडक झालं की हा दाब राहत नाही आणि एप्रिल-मेच्या उन्हात पाणी बाहेर फेकलं जातं. अशा वेळी लोक रेडिएटर बदलायला निघतात. आधी टोपण बदलून बघावं.

वायरिंगचा दोष असेल तर काट्याच्या चालीवरून कळतो. पाणी जागेवर असेल तर ते तापायला आणि निवायला वेळ लागतो, त्यामुळे खरा काटा हळू सरकतो. क्षणात उडी मारणारा, हेडलाइट लावताच हलणारा, इंडिकेटरच्या तालावर थरथरणारा काटा अर्थ बिघडल्याचं सांगतो. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकपर्यंत मल्टीमीटर लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी सोडवा, दोन्ही टोकं घासा आणि घट्ट बसवा. पावसाळ्यात काळ्या रानाचा चिखल या पट्टीवर बसतो आणि बोल्ट गंजतो. पेट्रोल-डिझेलचा काटा आणि टेंपरेचरचा काटा दोन्ही एकदम वर दाखवत असतील, तर मीटरकेसमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर तपासा; पुष्कळ जुन्या गाड्यांत दोन्ही काट्यांना तो एकच असतो.

सेन्सरची वायर काढून किल्ली ऑन केली की काटा थंडला पडला पाहिजे. तीच वायर क्षणभरच इंजिनाला टेकवली की तो गरमकडे निघाला पाहिजे. दोन्ही झालं तर मीटर आणि वायर ठीक आहेत. एक गोष्ट मला फार खटकते. गळती थांबवायला सेन्सरच्या आट्यांवर टेफलॉन टेप गुंडाळतात. एका वायरच्या सेन्सरला अर्थ त्या आट्यांतूनच मिळतो. टेपने तो अडला की काटा कमी दाखवत राहतो आणि गाडी खरोखर तापली तरी कळत नाही.

काटा हळूहळू चढत असेल तर मात्र दोष पाण्याच्या बाजूला शोधा. हायवेला ठीक पण बाजारातल्या गर्दीत गरम, तर फॅन किंवा त्याचा बेल्ट. उलट, चढाला आणि वेगात गरम, तर बहुधा रेडिएटर चोक. हायवेला काटा वरच येत नाही, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. तो काढून फेकायची सवय आपल्याकडे जुनी आहे, ती सोडावी. थंड चालणारं इंजिन डिझेल जास्त खातं आणि लवकर झिजतं.

रेडिएटर चोक होण्याचं कारण आपल्या पायाखालीच आहे. महाराष्ट्रातल्या घराघरांत बसलेली शहाबादी फरशी कलबुर्गी जिल्ह्यातल्या चुनखडीची. शहाबाद, वाडी, सेडम, मळखेडच्या पट्ट्यातलं बोअरचं पाणी याच चुनखडीतून झिरपतं आणि जड होतं. ते रेडिएटरमध्ये तापलं की चुना नळ्यांना आतून धरतो, सेन्सरच्या टोकावरही थर बसतो. म्हणून कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटरच मिसळा. वाटेत नाइलाजाने बोअरचं पाणी भरलंच, तर घरी येऊन ते काढून टाका.

नवं कूलंट इंजिन थंड असताना, गाडीचं तोंड चढाकडे करून आणि टोपण उघडं ठेवून भरा. मग इंजिन सुरू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबा. आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर येईल. हवा राहिली तर काटा वरखाली नाचत राहतो. बुडबुडे थांबले की पातळी पुरी करून टोपण लावा. पण ते थांबतच नसतील, इंजिन रेस केल्यावर वाढत असतील, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. मग ते काम वायरमनचं नाही. गाडी हेड गॅस्केटसाठी मिस्त्रीकडे न्या, आणि तीही चालवत नाही, ओढून.