कुंपणाखालचे पाणी

विहिरीचे पाणी अवेळी खाली गेले की जुनी माणसे आधी आभाळाकडे पाहत नाहीत, शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडे पाहतात. त्याने नवी विहीर खोल नेली काय, तिच्यावर इंजिन बसवले काय, याची चौकशी पहिल्यांदा होते. जमिनीवर हद्दीचे दगड असतात, सात-बाराचे उतारे असतात, त्यांवरून भांडणारे भाऊबंद असतात. जमिनीखालच्या पाण्याला यांतले काहीच ठाऊक नसते. ही गोष्ट आपल्या खेड्यातल्या आजीबाईलाही कळते. पण ती मोठमोठ्या इंजिनियरांना आणि कायदेपंडितांना पटवून देण्यासाठी अमेरिकेतल्या काही माणसांना कित्येक वर्षे झगडावे लागले. त्या झगड्याचीच ही हकीकत.

शिकागो शहरातून मिशिगन सरोवराच्या काठाने पूर्वेकडे निघाले, की लवकरच इंडियाना राज्यातल्या वाळूच्या टेकड्या लागतात. या टेकड्यांमध्ये शिकागो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री कोल्स वर्षानुवर्षे हिंडले. उघड्या वाळूवर आधी गवत येते, मग झुडपे, मग वृक्ष. एक पिढी दुसरीसाठी जागा तयार करून जाते, हा क्रम त्यांनी येथे अभ्यासला आणि १८९९ मध्ये प्रसिद्ध केला. याच टेकड्यांच्या मागे एक दलदल आहे. तिला त्यांच्याच नावाने ‘कोल्स बॉग’ म्हणतात.

दलदल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चिखल आणि डास उभे राहतात. ही जागा मात्र वेगळी आहे. येथे हजारो वर्षे वनस्पती उगवल्या, मेल्या, आणि पाण्यात पुरत्या न कुजता थरावर थर साचत गेल्या. जमिनीच्या पोटात चिकणमातीचा एक पडदा आहे. त्याला एके ठिकाणी खिंडार आहे आणि त्यातून खालचे पाणी दाबाने वर चढते. त्या पाण्यानेच साचलेल्या थराचा एक उंचवटा तोलून धरलेला आहे. हिवाळ्यात पाने गाळणारे टॅमरॅक नावाचे सूचिपर्णी झाड येथे वाढते. म्हणजे या दलदलीचे पोषण पावसापेक्षा भूमीच्या पोटातून अधिक होते. आईच्या दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या मुलासारखी तिची स्थिती आहे.

सरोवराचा हा किनारा कारखानदारांच्याही डोळ्यांत भरला होता. पोलादाचे कारखाने आणि बंदर यांसाठी टेकड्या सपाट होऊ लागल्या. तेव्हा १९५२ मध्ये डोरोथी ब्यूल नावाच्या बाईंनी आपल्या घरी काही स्त्रियांना बोलावले. त्या दिवाणखान्यात एकवीस जणी जमल्या आणि टेकड्या वाचवण्यासाठी एक मंडळ निघाले. त्यांनी नुसते ठराव केले नाहीत. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मंडळाने पैसे गोळा करून या दलदलीची ५६ एकर जमीन चक्क विकत घेतली! घरखर्चातून चार पैसे मागे टाकणाऱ्या गृहिणींना या व्यवहाराचे मोल सांगायला नको.

पुढे १९६५ मध्ये दलदलीला राष्ट्रीय निसर्गस्थळाचा मान मिळाला. १९६६ मध्ये सिनेटर पॉल डग्लस यांच्या खटपटीला यश येऊन टेकड्यांचा मोठा भाग कायद्याने राखीव झाला. नकाशावर रेघ ओढली गेली. रेघेच्या आत निसर्ग, रेघेच्या बाहेर उद्योग. लोकांना वाटले, जिंकलो.

पण या रेघेला अगदी खेटून नॉर्दर्न इंडियाना पब्लिक सर्व्हिस कंपनीचे बेली वीजकेंद्र उभे होते. कोळशावर चालणारा त्याचा पहिला संच १९६२ मध्ये सुरू झाला, दुसरा १९६८ मध्ये. कोळसा जळला की राख उरते. ती पाण्यात कालवून तलावांत सोडायची, राख तळाशी बसू द्यायची, अशी तेथली पद्धत होती. तलावांखाली होती वाळू, आणि वाळू पाणी कसे धरणार? ते पाझरले आणि कुंपणाखालून राखीव प्रदेशात शिरले. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने तपास केला तेव्हा दिसले, की तलावांखाली भूजलाची पातळी नैसर्गिक पातळीपेक्षा सुमारे १५ फूट वर चढली आहे आणि राखीव हद्दीच्या आतही ती काही ठिकाणी १० फुटांहून अधिक वाढली आहे.

कोणी म्हणेल, पाणथळ जागेला पाणी जास्त मिळाले, तर बिघडले कुठे? तुळशीला रोज हंडाभर पाणी घालून पाहा, म्हणजे उत्तर मिळेल. पाणथळीतल्या वनस्पतींची मुळे ठरावीक पातळीला सरावलेली असतात. वीतभर फरकानेही कोणी जगावे आणि कोणी मरावे हे बदलते. शिवाय ते पाणी एकटे आले नाही. राखेतले सल्फेट आणि बोरॉन यांसारखे पदार्थही त्याने सोबत आणले.

त्यातच कंपनीने तेथेच अणुवीजकेंद्र बांधायचे ठरवले. सुमारे ६४५ मेगावॅटच्या या केंद्राला १९७४ मध्ये बांधकामाचा परवाना मिळाला. आता चिंता नेमकी उलटी झाली.

चौपाटीवर मुले वाळूत खळगा करतात, तेव्हा काय होते ते आठवा. हातभर खोल गेले की तळाशी पाणी जमते. एखाद्या मुलाने पेल्याने ते उपसायला घेतले, तर शेजारच्या मुलाच्या खळग्यातले पाणीही हळूहळू खाली जाते. अणुकेंद्राचा पाया असाच पाणी भरलेल्या वाळूत खणायचा होता. खड्डा कोरडा ठेवायचा म्हणजे रात्रंदिवस पंप चालवायचे. तेही आठवडाभर नव्हे, अनेक महिने. तेवढ्या काळात शेजारच्या पाणथळींतले पाणी ओसरले असते. साचलेला थर एकदा वाळला, त्याला हवा लागली, की तो कुजू लागतो आणि खचतो. मग पंप बंद केले आणि पाणी परत आले, तरी हजारो वर्षांची साठवण परत येत नाही.

लोक न्यायालयात गेले. त्यांचा मुख्य वाद केंद्र लोकवस्तीपासून किती दूर असावे याविषयीचा होता. पण टेकड्यांची आणि पाण्याची काळजी त्यामागे होतीच. १९७५ च्या वसंतात अपील न्यायालयाने परवाना रद्द ठरवला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. पाण्यासाठी मात्र एक उपाय योजावा लागला. बांधकामाच्या जागेभोवती जमिनीत खोल चर खणून त्यात चिकणमातीचे मिश्रण भरले, म्हणजे जमिनीखाली जणू एक भिंतच उभी केली. पंपांनी भिंतीच्या आतले पाणी ओढावे, बाहेरच्या पाण्याला हात लावू नये, अशी ही योजना होती. वरच्या कुंपणाने जे साधले नाही, ते करण्यासाठी जमिनीखाली दुसरे कुंपण घालावे लागले!

पुढे पायाच्या खांबांवरून वाद उद्भवला आणि १९७७ मध्ये बांधकाम थबकले. खर्च वाढत गेला, विरोधही वाढला. अखेर ऑगस्ट १९८१ मध्ये कंपनीने अणुकेंद्राचा नाद सोडला. तोवर वीस कोटी डॉलरांहून अधिक रक्कम खर्ची पडली होती. राखेच्या तलावांना १९८० च्या सुमारास अभेद्य अस्तर बसले आणि चढलेले भूजल ओसरू लागले.

तेव्हा सगळे पूर्वीसारखे झाले का? नाही. दलदलीच्या मोठ्या भागात पूर्वी बुटके लव्हाळे होते. तेथे पाणकणसाचे दाट रान माजले. रस्ते, चर, राखेच्या तलावांचा पाझर, अशा अनेक कारणांनी पाण्याची घडी विस्कटली, त्याचे हे फळ. उद्यानाची माणसे आणि स्वयंसेवक ते रान काढून जुनी रोपे पुन्हा लावण्याचे काम करीत आले आहेत. बिघडवायला काही वर्षे पुरली. सुधारायला पिढ्या लागणार आहेत.

वीज नको, असे येथे कोणीच म्हणत नव्हते. त्या मंडळातल्या बायकांच्या घरीही दिवे होते, कपडे धुण्याची यंत्रे होती. वीज हवी, पण तिचा कारखाना कोठे उभारायचा हे ठरवताना जमिनीच्या वरचाच नकाशा पाहून भागत नाही, खालचाही पाहावा लागतो, एवढेच त्यांचे म्हणणे होते. बेलीचे कोळशाचे संच २०१८ मध्ये बंद झाले. २०१९ मध्ये त्या राखीव प्रदेशाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. जे केंद्र अनेक दशके चालेल म्हणून उभारले होते, त्याचा काळ संपला आहे. त्याच्या शेजारी, चिकणमातीच्या खिंडारातून, पाणी अजून वर चढते आहे.

दिवाळीत आपण घरावर विजेची तोरणे लावतो आणि पहाटे अभ्यंगाला विहिरीचे किंवा नळाचे पाणी काढतो. या दोन्ही गोष्टी एकाच जमिनीतून येतात, हे एरवी ध्यानात येत नाही. शेजारच्या विहिरीकडे डोकावून पाहणाऱ्या आजीबाईंना ते नेहमीच ठाऊक होते.